मलेरिया लसीच्या चॅलेंज ट्रायलमध्ये व्हॉलंटिअर म्हणून भाग घेतला, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी ३.५ स्टार)

आधीच सांगते, हा लसीचा रिव्ह्यू नाहीये. धडधाकट माणसाला मुद्दाम मलेरिया द्यायचा, तो बरा करायचा आणि त्यावरून नवीन लस कितपत कामाची आहे ते बघायचं, ह्या सगळ्या प्रकारात व्हॉलंटिअरला कसं वागवतात त्याचा रिव्ह्यू आहे. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण माझी जी मुख्य तक्रार आहे ती फट नियमांतच आहे, एका सेंटरला धरून उपयोग नाही. ज्यांनी अशा ट्रायलची जाहिरात पाहिलीय आणि जावं की नको ह्या विचारात आहेत त्यांनी पूर्ण वाचा, लांब आहे पण घाईत सही करण्यापेक्षा बरं.

माहिती देण्याचं काम: उत्तम. पूर्ण गुण. माहितीपत्रक जाडजूड होतं पण भाषा सोपी होती, आणि समजावून सांगणारी डॉक्टर बाई कुठल्याच प्रश्नाला कंटाळली नाही. सगळं ऐकून झाल्यावर एक छोटी लेखी परीक्षा घेतात, आजार होणार हे तुम्हाला कळलंय का, औषध अर्धवट सोडलं तर काय होऊ शकतं, ट्रायल सोडली तरी औषध का घ्यावं लागेल, असे प्रश्न, आणि त्यात पास झाल्याशिवाय संमतीपत्र पुढ्यात ठेवतच नाहीत. मला हे फार आवडलं. ऑपरेशनच्या आधी नातेवाईकाच्या हातात फॉर्म देऊन 'इथे इथे सही करा' म्हणतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, तिथे कोण विचारतं कळलं का म्हणून. इथे तर सहीनंतरही विचार करायला वेळ दिला आणि मधे कोणी फोन करून मागे लागलं नाही.

स्क्रीनिंग कडक आहे, आणि तसंच असायला हवं. रक्त, एचआयव्ही, कावीळ, बायकांना प्रेग्नन्सी टेस्ट, ईसीजी, घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झालाय का तेही. ईसीजी कशाला असं मी विचारलं तर स्पष्ट सांगितलं की नेदरलँड्समध्ये अशाच एका ट्रायलमध्ये एका तरुण व्हॉलंटिअरला मलेरियाच्या उपचाराच्या सुमारास हृदयाचा त्रास झाला होता, तेव्हापासून हृदयाच्या बाबतीत सगळे जास्त सावध झालेत. ही माहिती त्यांनी लपवली असती तरी मला कळलं नसतं, पण विचारल्यावर लगेच सांगितली, आणि माझा विश्वास बसला तो खरं तर तिथे बसला.

आता मुख्य दिवस. पाच डास. एका छोट्या डब्यात ॲनोफिलीस डास, वर जाळी, त्यावर हात ठेवायचा, वरून काळं कापड कारण त्यांना अंधार आवडतो. चावणं नेहमीसारखंच, खाज येते एवढंच. मग ते डास आत नेऊन मायक्रोस्कोपखाली कापून बघतात की पोटात रक्त गेलंय का आणि लाळग्रंथीत परजीवी होते का, पाचपैकी एखादा कच्चा निघाला तर नवीन डास आणून पुन्हा चावून घ्यायचं. आकडा पाचच का, तर पाच बाधित डास चावले की लस न घेतलेल्या जवळपास प्रत्येकाला इन्फेक्शन होतंच हे अनेक वर्षांच्या अनुभवातून ठरलंय. ही पद्धत १९८६ पासून चालत आलीय, तेव्हा पहिल्यांदा लॅबमध्ये वाढवलेल्या परजीवींनी डास बाधित करून ते माणसांना चाववले होते. आता काही ठिकाणी डासाऐवजी गोठवून ठेवलेले परजीवी, ३,२०० मोजून, थेट शिरेत टोचतात. मला डास मिळाले.

नंतरचा आठवडा काही म्हणजे काही होत नाही आणि तोच मला सगळ्यात अवघड गेला. परजीवी तेव्हा लिव्हरमध्ये वाढत असतात, बाहेर पत्ता लागत नाही, साधारण सातव्या दिवशी ते रक्तात उतरतात आणि तिथून रोज रक्त द्यायला जायचं. पीसीआर टेस्टने परजीवी इतके थोडे असतानाच सापडतात की पुष्कळांना धड ताप यायच्या आधीच औषध चालू होतं. मला ताप आला. हुडहुडी, डोकं फुटतंय असं वाटणं, कंबर मोडल्यासारखी. वाईट होतं पण जे सांगितलं होतं तेवढंच होतं, त्याच्या पलीकडे काही नाही, आणि रात्री-अपरात्री फोन केला तरी दरवेळी खरा डॉक्टर फोनवर यायचा. औषध त्यांच्यासमोर गिळायचं. ताप उतरला, लागोपाठ टेस्ट निगेटिव्ह आल्या, आणि मोकळी केली.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग दीड स्टार कुठे गेले. सांगते, पण त्याआधी हे मुळात करावं का ह्यावर बोलायला हवं कारण मी घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न तोच आला, डॉक्टर लोक आजार देतात म्हणजे काय, हे पाप नाही का.

प्रश्न बरोबरच आहे, आणि तो विचारायला इतिहासाने भरपूर कारण दिलंय. नाझींच्या दाखाऊ छळछावणीत क्लाउस शिलिंग नावाच्या डॉक्टरने हजाराहून जास्त कैद्यांना मलेरिया दिला, कोणाची परवानगी नाही, काही नाही, त्याला १९४६ मध्ये फाशी झाली. पण त्याच सुमारास अमेरिकेत इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगात १९४४ पासून शेकडो कैद्यांना मलेरिया देऊन औषधं तपासत होते, तिथे सह्या घेतल्या होत्या आणि शिक्षेत सूट मिळण्याची आशाही होती, आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी नेमकं हेच उदाहरण काढलं की तुम्ही काय वेगळं करता. मला वाटतं हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. सही घेतली म्हणजे संमती झाली असं नसतं, तुरुंगातला माणूस नाही म्हणू शकतो का हे बघावं लागतं. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत, म्हणजे त्या खटल्यातून आलेल्या माणसांवरच्या प्रयोगांच्या नियमांत, म्हणूनच लिहिलंय की माणसाला मधेच थांबता आलं पाहिजे. त्याच संहितेत असंही आहे की मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व येईल असं आधीच दिसत असेल तर प्रयोग करायचाच नाही, एक अपवाद सुचवलाय, प्रयोग करणारे डॉक्टर स्वतःवरही करत असतील तेव्हा कदाचित. तो अपवादसुद्धा मला पटत नाही, डॉक्टर स्वतः मरायला तयार आहे म्हणून मला मारायचा हक्क त्याला कसा मिळतो?

आणि तरीही मी गेले, कारण दुसऱ्या बाजूचे आकडे डोळ्यांसमोर होते. २०२३ मध्ये मलेरियाने जगात सुमारे ५,९७,००० माणसं गेली, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. आज मलेरियाची जी आरटीएस,एस लस मुलांना देतात तिची पहिली खरी आशा दिसली ती अशाच एका चॅलेंज ट्रायलमध्ये, १९९७ मध्ये निकाल छापून आला, लस घेऊन बाधित डास चाववलेल्या ७ जणांपैकी ६ जणांना मलेरिया झालाच नाही. सात माणसं. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. त्यानंतर सात देशांत १५,००० हून जास्त मुलांवर मोठी चाचणी झाली, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. मधे किती वर्षं गेली बघा, पण ती पहिली पायरी नसती तर कुठली लस पुढे न्यायची आणि कुठली टाकून द्यायची हे ठरवायला दरवेळी हजारो मुलांवर आधी चाचणी करावी लागली असती, ज्यातल्या कित्येक लसी फुकट जातात. वीस-तीस मोठी माणसं, ज्यांना कळतंय आपण काय करतोय, त्यांनी काही दिवस आजारी पडणं हे मला त्यापेक्षा कितीतरी योग्य वाटतं.

पण हे 'योग्य' प्रत्येक परजीवीला सारखं लागू होत नाही आणि बाहेर सरसकट बोललं जातं म्हणून जरा खोलात लिहिते.

फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात जीवघेणा प्रकार, त्यात सोय अशी की लॅबमधला जो परजीवी वापरतात त्यावर औषधं नक्की चालतात हे माहीत असतं, आणि एकदा रक्तातून गेला की गेला. व्हायवॅक्स मलेरियात तसं नाही, त्याचे काही परजीवी लिव्हरमध्ये झोपून राहतात आणि महिन्यांनी परत उठतात, त्यांना मारायला प्रायमाक्विनसारखं औषध लागतं जे जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) कमी असणाऱ्यांना देता येत नाही आणि काही लोकांच्या शरीरात ते नीट कामालाच येत नाही. म्हणून काही ठिकाणी व्हायवॅक्स डासातून न देता बाधित रक्तातून देतात, म्हणजे लिव्हरचा टप्पाच टळतो. हे तुमच्या पत्रकात लिहिलंय का ते बघाच.

शिस्टोसोमा, म्हणजे गोगलगायीतून पाण्यात येणारा आणि कातडीतून आत शिरणारा कृमी. ह्यात नुकसान मुख्यतः मादीच्या अंड्यांनी होतं, ती लिव्हरमध्ये नाहीतर मूत्राशयात अडकतात. नेदरलँड्सच्या लायडनमधल्या लोकांनी डोकं लढवलं, एका गोगलगायीला एकाच अळीने बाधित केलं की तिच्यातून बाहेर पडणारे सगळे एकाच लिंगाचे असतात, मग फक्त नर निवडायचे आणि १७ व्हॉलंटिअरना १०, २० किंवा ३० नर द्यायचे, मादी नाही म्हणून अंडी नाहीत. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. ही कल्पना मला मनापासून सुंदर वाटते, आजाराचा सगळ्यात वाईट भाग बाजूला काढून उरलेला अभ्यासायचा. पण काहींना तरीही दमवणारा ताप आला, आणि प्राझिक्वाँटेल हे औषध मोठ्या झालेल्या कृमींवर चालतं, कोवळ्यांवर फारसं नाही, त्यामुळे व्हॉलंटिअरला कित्येक आठवडे कृमी अंगात वागवावे लागतात. मलेरियात ताप आला की लगेच औषध ही जी सुटका असते ती इथे नाही. माझ्या लेखी हा मोठा फरक आहे. मधेच भीती वाटली आणि थांबवा म्हणालात तर लगेच थांबवता येतं का, हा प्रश्न तिथे खरा होतो.

हुकवर्म, म्हणजे आतड्यात राहून रक्त पिणारा कृमी, त्या मानाने सरळ. अळ्या कातडीवर ठेवतात, जबरी खाज येते, पोट बिघडतं, पण अळ्या शरीरात आपली संख्या वाढवत नाहीत, जेवढ्या टाकल्या तेवढ्याच, आणि अल्बेंडाझोलने जातात.

लेशमॅनिया, म्हणजे सँडफ्लाय नावाच्या बारीक माशीतून येणारा परजीवी, त्याचं मात्र मला जड जातं. सँडफ्लाय चाववून त्वचेचा लेशमॅनिया देण्याचं मॉडेल इंग्लंडमध्ये तयार झालंय, फोड आला की कापून काढतात. व्रण राहतो. म्हणजे इथे औषध घेतलं आणि काहीच झालं नाही असा शेवट नाही, अंगावर खूण कायम. पूर्वी मध्य आशियात, इराणमध्ये, इस्रायलमध्ये लस म्हणून थेट जिवंत परजीवीच टोचायचे, इराणमध्ये युद्धाच्या काळात फार मोठ्या संख्येने लोकांना टोचलं, आणि त्यातल्या थोड्या लोकांचे फोड बरेच दिवस भरलेच नाहीत. तो अनुभव हाताशी असताना आता मोजक्या लोकांवर, लपलेल्या जागी, आधी फोटो दाखवून करतात हे चांगलं आहे, आणि ज्याने विचार करून हो म्हटलंय त्याला अडवणारी मी कोण.

आणि मग चागास, लॅटिन अमेरिकेतला, किड्यातून येणारा परजीवीचा आजार. तिथे माझ्या मते दारच बंद असावं. औषध आहे, पण त्रासदायक आहे, जुन्या इन्फेक्शनवर भरवशाचं नाही, आणि हृदयाचं नुकसान वीस-तीस वर्षांनी समोर येऊ शकतं. तुम्ही सही करता तेव्हाचे तुम्ही आणि ते भोगणारे तुम्ही ह्यात अर्धं आयुष्य गेलेलं असतं. कोणतीही परीक्षा पास झाले तरी त्याची संमती मला देता येईल असं वाटत नाही.

उपाय नसतानाही हे पूर्वी झालंय हेही सांगते. अमेरिकेत २९ निरोगी लोकांना क्रिप्टोस्पोरिडियम, म्हणजे पाण्यातून पसरणारा, जुलाब करणारा परजीवी, गिळायला दिला (१९९५ मध्ये ते छापून आलं), किती परजीवींनी आजार होतो ते बघायला, आकडा आला १३२, म्हणजे तेवढ्यांत निम्म्या लोकांना लागण. तेव्हा त्यावर खात्रीचं औषध नव्हतं, निरोगी माणसाला जुलाब होऊन आपोआप बरं वाटतं ह्या भरवशावर केलं. पाण्याच्या सुरक्षिततेसाठी ती माहिती उपयोगी पडली हे खरंच आहे.

पैशांबद्दल. मला वेळेचे आणि त्रासाचे पैसे मिळाले, धोक्याचे म्हणून वेगळे नाहीत, आणि ही विभागणी बहुतेक सगळीकडे अशीच असते. जास्त दिले तर गरीब माणूस मोहात पडेल असं म्हणतात. केनियात किलिफीला मोठ्या माणसांवर मलेरियाची अशी ट्रायल झाली तेव्हा तिथे हाच वाद चालला. ती ट्रायल तिथे करण्याचं कारण चांगलं होतं, लहानपणापासून मलेरिया झेललेल्या शरीरात परजीवी कसा वागतो ते युरोपातल्या विद्यार्थ्याच्या शरीरात कळणार नाही, आणि लस तर शेवटी तिथेच द्यायचीय. पण पैसे कमी ठेवल्याने गरिबाचं रक्षण होतं हे मला अजिबात पटत नाही. त्याने फक्त त्याचा ताप स्वस्त होतो. रक्षण स्क्रीनिंगने होतं, ती परीक्षा घेण्याने होतं, आणि रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरने होतं. गरिबाला नाही म्हणणं परवडत नसेल तर काळजी त्याची करा, त्याची मजुरी कापू नका.

माझी अर्ध्या स्टारची तक्रार इथे आहे: रकमेचा मोठा भाग शेवटच्या भेटीला देतात. कागदावर 'कधीही सोडता येईल' आणि पैसे मात्र शेवटपर्यंत थांबलात तर. आधीच्या भेटींचे त्या त्या वेळी द्या, सोडून जाणाऱ्याला तोपर्यंतचे सगळे द्या. हे अवघड नाहीये. बाकी सोडण्याबद्दल एक गोष्ट त्यांनी बरोबर केली, ट्रायल सोडू शकता पण औषध सोडू शकत नाही हे पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण उपचार न झालेला फाल्सिपॅरम माणसाला मारू शकतो, आणि जिथे ॲनोफिलीस डास आहेत तिथे तो दुसऱ्यालाही जाऊ शकतो. ह्याला मी बंधन म्हणणार नाही.

उरलेला एक स्टार गेला तो सगळं संपल्यानंतर. शेवटचं रक्त दिलं आणि संबंधच तुटला. मला त्यानंतर बराच काळ थकवा राहिला, जिना चढून दम लागायचा, म्हणून त्याच नंबरवर फोन केला तर उत्तर आलं की अभ्यासाचा कालावधी संपलाय, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. नेहमीच्या डॉक्टरला काय माहीत. त्यांनी ऐकून घेतलं, मुद्दाम मलेरिया दिला हे ऐकून चक्रावले, आणि साध्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, हळूहळू बरंही वाटलं. थकव्याचा ट्रायलशी संबंध असेल किंवा नसेल, पण तो आहे की नाही हे शोधण्याचं काम माझं कसं? लस कितीजणांत चालली, मी लसवाल्या गटात होते की दुसऱ्या, हेही कोणी कळवलं नाही, मीच मेल करून करून शेवटी विचारून घेतलं. रक्तदान काही वर्षं करता येणार नाही हे मात्र आधी सांगितलं होतं, ते मान्य.

हे मला का लागलं ते सांगते. सुरुवातीला त्यांना माझी गरज होती म्हणून ते चांगले वागले असं मी म्हणणार नाही, ती माणसं खरंच चांगली होती. पण ट्रायलचं बजेट, एथिक्स कमिटीची परवानगी, विमा, सगळं अभ्यासाच्या तारखांना बांधलेलं असतं, आणि शरीर त्या तारखा पाळत नाही. आजार मुद्दाम दिलाय म्हटल्यावर जबाबदारी नेहमीच्या औषधाच्या चाचणीपेक्षा जास्त आहे, कारण तिथे माणूस आजार घेऊन येतो आणि इथे आजार तुम्ही दिलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने अशा ट्रायल्ससाठी वेगळी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती आली हे चांगलंच झालं, पण माझ्या हातात जो फॉर्म होता त्यात शेवटच्या भेटीनंतरच्या भागाला जेमतेम दोन ओळी होत्या.

तर जाणार असाल तर सहीच्या आधी हे विचारा. औषध कधी सुरू करता येतं, ताप आल्या आल्या की काही आठवड्यांनी? औषध चाललं नाही तर दुसरं कोणतं आहे? मधे सोडलं तर तोपर्यंतचे पैसे मिळतात का? नुकसान झालं तर भरपाई कोण देणार आणि किती काळापर्यंत, आणि चूक कोणाची हे सिद्ध करावं लागतं का? निकाल मला कोण कळवणार? आणि ट्रायल संपल्यावर सहा महिन्यांनी फोन केला तर उचलणारं माणूस कोण, त्याचं नाव फॉर्मवर लिहून मागा. ज्या सेंटरला हे विचारलेलं खटकेल तिथे जाऊ नका.

मी स्वतः मलेरियाच्या ट्रायलला परत जाईन, ह्याच सेंटरला सुद्धा, त्यांनी तो शेवटचा भाग सुधारला तर. हुकवर्मला पण जाईन. शिस्टोसोमाला अजून मन होत नाही, ते आठवडे मला जमतील असं वाटत नाही, पण ज्यांनी केलं त्या सतरा जणांबद्दल मला फार आदर आहे.